बैरुतमार्गे

नात टोरांटोहून आली. शिर्डीच्या विमानतळाबाहेर उन्हात मी तिची वाट पाहत उभा होतो. ती सामानाची गाडी ढकलत बाहेर आली, लांबूनच हात हलवला, आणि मी तिच्या तोंडाकडे बघायच्या आधी तिच्या बॅगेच्या मुठीकडे बघितलं. जुनी खोड. मुठीला कागदाची पट्टी होती. त्यावर मोठ्या अक्षरांत एस-ए-जी, म्हणजे आपली शिर्डी. त्याच्या वर बारीक अक्षरांत डी-ई-एल.

"आजोबा, मी केवढी झालेय ते तरी बघा आधी," ती म्हणाली. "बॅग काय पळून जातेय?"

गाडीत बसल्यावर तिने ती पट्टी फाडायला घेतली. फाडता फाडता तिने सहज विचारलं, "मी टोरांटोहून निघाले. मग टोरांटोचं नाव यावर कुठेच मोठं का दिसत नाही?"

"कशाला दिसेल? पट्टी बॅग चढवणाऱ्यासाठी असते. बॅग उतरवायची कुठे आणि मधे विमान बदलायचं कुठे, एवढंच त्याला लागतं. ती कुठून आली याच्याशी त्याला काय करायचंय?"

बोलून गेलो. बाहेर राहुरीच्या बाजूचा ऊस लागला होता. नात तिच्या आईला फोन करण्यात गुंतली. मी काचेतून बघत राहिलो. एवढं साधं वाक्य, पन्नास वर्षांपूर्वी मला बोलायचं होतं. तेव्हा माझ्या तोंडात ते तीन दिवस होतं, आणि मी ते गिळलं.

मी आमच्या भावकीतला पहिला बी. ए. हे मी आजही सांगतो आणि सांगताना मान ताठ होते. उगाच विनय कशाला दाखवू? पाथर्डी तालुक्यातल्या ज्या गावातून मी आलो, तिथे सातवी झालेला माणूस पोस्टात चिकटायचा आणि मॅट्रिक झालेला तर गावाला परत तोंडच दाखवायचा नाही. मी नगरला चार वर्षं राहिलो. माझा डबा रोज सकाळच्या एस. टी.ने यायचा. बाजरीची भाकरी, ठेचा, कधी हुलग्याचं माडगं, आणि डब्याला लागलेला डिझेलचा वास. आजही पेट्रोल पंपावर उभा राहिलो की मला भूक लागते, याला काय करावं.

त्या डब्याच्या झाकणावर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिळ्याने त्रिशूळ कोरला होता. दादांना अक्षर येत नव्हतं. आमच्या गोण्यांवर तोच त्रिशूळ असायचा, गेरूने काढलेला. शेजाऱ्यांच्या गोणीवर दोन आडव्या रेघा, पलीकडच्यांच्या गोणीवर गोल. नगरच्या बाजारात शंभर गोण्यांत दादा आपली गोणी डोळे मिटून काढतील अशी त्यांची ख्याती. ते म्हणायचे, "गोनी कुठनं आली ते गोनीवर असतं. कुठं चालली ते गाडीवानाला ठाव असतं." आमच्याकडचा कायदाच होता तो. ओझ्यावरची खूण ओझ्याच्या घराची.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी पदवी घेऊन घरी बसलो होतो. त्या वर्षाचे रंग मला आठवतात ते असे: मिलो नावाच्या परदेशी ज्वारीचा लालसर रंग, जिच्या भाकरीला वाळलेल्या चामड्याची चव यायची. खडी फोडून फोडून बायकांच्या पापण्यांवर बसलेली राखाडी. आणि आकाशाचा तो निळा, इतका स्वच्छ की बघवत नसे. दुपारी दुष्काळी कामावर सुकडी वाटायचे. मोठ्या कढईतून गुळाचा वास उठला की खडी फोडणाऱ्या शंभर हातोड्या एकदम थांबायच्या. त्या थांबण्याचा जो आवाज व्हायचा, तो मी पुढे कुठे ऐकला नाही.

आमच्या घराला लागून येसूकाकूंचं घर. त्यांचा एकुलता मुलगा किसन. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, चौथी शिकलेला, हात मात्र सोन्याचे. कुठलंही इंजिन त्याच्यापुढे शहाण्यासारखं वागायचं. मुंबईत एका गॅरेजात असताना कुणा ठेकेदाराने त्याला गाठलं आणि तो परदेशी गेला. जाताना आईला एवढंच म्हणाला, "अरबांच्या मुलकात चाललोय, पोचल्यावर कळवतो." लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्याची बायको कौसल्या, आम्ही तिला वहिनी म्हणायचो, वेशीपर्यंत गेली आणि तिथल्या बाभळीखाली बराच वेळ उभी राहिली. मग बाभळीच्या शेंगा शेळीसाठी ओच्यात गोळा करून घरी आली. रिकाम्या हाताने परतायचं नाही, अशी तिची रीत.

वर्ष गेलं, पत्र नाही. दुसरं निम्मं गेलं. आणि दिवाळीच्या सुमाराला बॅग आली.

किसनबरोबर काम करणारा कुणी विदर्भाकडचा माणूस रजेवर आला होता. त्याने ती मुंबईत आमच्या गावच्या एका हमालाकडे दिली, हमालाने ती एस. टी.च्या टपावर टाकली, आणि कंडक्टरने पाथर्डीच्या स्टँडवर उतरवली. तीन हातांतून आली, पण बरोबर निरोप एकच: "किसन बरा हाय." कुठे बरा आहे, ते वाटेत कुठेतरी सांडलं.

येसूकाकूंनी बॅग ओसरीवर उघडली तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. तिच्यातून जो वास आला तो मी कसा सांगू? साबण, खजूर, नवं प्लास्टिक आणि कापूर यांचा मिळून काहीतरी. दुष्काळाच्या त्या धुळीत तो वास म्हणजे दुसऱ्या जगाचं दार किलकिलं झाल्यासारखा. नायलॉनची एक साडी, तिच्यात गुंडाळलेला ट्रान्झिस्टर, खजुराचा पुडा, काकूंना लोकरीची शाल. वहिनीने साडी नाकाला लावली आणि तशीच धरून राहिली. बायका हसल्या. "अगं, साडी हाय ती, किसन न्हाई," एक म्हणाली. वहिनीने साडी खाली घेतली नाही.

मग कुणाचं तरी लक्ष मुठीला बांधलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याकडे गेलं.

"बीएला बोलवा," काकू म्हणाल्या. मी तिथेच उभा होतो, पण मला बोलावलं गेलं, आणि लोकांनी वाट करून दिली. ती वाट मला अजून दिसते.

पुठ्ठ्यावर खाली मोठी तीन अक्षरं होती, बी-ओ-एम. ही मुंबई, हे उघड होतं. वर लहान तीन, बी-ई-वाय. अशी अक्षरं मी जन्मात पाहिली नव्हती. प्रत्येक विमानतळाला जगभर तीन अक्षरांचं नाव असतं, हे मला माहीत नव्हतं. माहीत नाही, असं म्हणायला जीभ वळली नाही. दादा समोर होते. मी म्हणालो, "शाळेतनं नकाशाचं पुस्तक आणा."

पुस्तक आलं. मी बोट फिरवत राहिलो. एक आपली मुंबई, बॅग पोचली ते गाव. मग दुसरं बॅग निघाली ते गाव असणार. गोणीवरची खूण. बापाचा कायदा मी विमानाला लावला. समुद्राच्या काठाला बोट थांबलं आणि मी ठाम आवाजात सांगितलं, "बैरुत. किसन बैरुतला आहे."

"बयरूत," काकूंनी म्हणून पाहिलं. "कंच्या अंगाला रं ते?"

मी मावळतीकडे हात केला.

दुसऱ्या दिवशी तो पुठ्ठा देव्हाऱ्यात गेला. काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. संध्याकाळी त्या तेलवात मावळतीकडे तोंड करून ठेवायच्या. तेल नसायचं तेव्हा नुसती वात. घरासमोरून जाताना मला देवांच्या रांगेत ती तीन अक्षरं दिसायची, कुंकवाने माखलेली, आणि खरं सांगतो, मला छाती भरून आल्यासारखं व्हायचं. ज्याचं बोट नकाशावर फिरलं, तो मी.

पत्र लिहिण्याची कल्पनाही माझीच. बैरुतला आपल्या देशाची वकिलात असणार, तिला इंग्रजीतून अर्ज करायचा, तिने माणूस शोधून द्यायचा. गावात कुणी असलं ऐकलंही नव्हतं. मी दुष्काळी कामावर जायचो, खडीच्या ढिगाला टेकून बसायचो, आणि वहिनी हातोडी चालवत सांगायची.

"लिवा भावजी. शेळी व्याली. दोन करडं. एक कानाला पांढरं हाय."

"वहिनी, हे वकिलातीला जातंय. वकील काय करडं बघणार?"

"वकिलाला न्हाई, त्यांना सांगतीया. वकिलानं नुसतं फुडं द्यायचं." हातोडी एकदा पडायची. "आन लिवा, आडाला पानी न्हाई, पन मी लांबनं आनती. काळजी करू नगा. आन लिवा…" इथे ती थांबायची, आजूबाजूच्या बायकांकडे बघायची. "ऱ्हाऊ द्या. ते आल्यावर सांगंन."

मी लिहायचो, "सेवेशी सविनय सादर करण्यात येते की." करडं मी लिहिली नाहीत. खाली सही करताना नावापुढे स्वल्पविराम देऊन बी. ए. लिहायचो. अशी तीन पत्रं गेली.

शिवरात्रीच्या आसपास उत्तर आलं. जाड कागद, वर तीन सिंहांची मुद्रा, आणि पाकिटावर माझं नाव, बी. ए.सकट टाइप केलेलं. पोस्टमननं ते गावभर दाखवत आणलं. मारुतीच्या देवळात मी ते वाचलं आणि मराठीत सांगितलं. या नावाचा कोणी भारतीय आमच्या दप्तरी नाही, चौकशी केली, आढळला नाही. कळावे.

"म्हंजे?" काकू म्हणाल्या.

इथे मला थांबता आलं असतं. कागदात होतं तेवढंच सांगून खाली बसता आलं असतं. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि सरकारचं पत्र माझ्या नावाने आलेलं होतं. मी म्हणालो, "म्हणजे तिथे नाही. सरकारनं शोधून पाहिलंय. सरकारला जो सापडत नाही, तो…" आणि हात हवेत सोडला. तो हात मला पुष्कळ वेळा दिसतो.

चैत्रात वहिनीचे वडील आले. शेवगावकडचे, उंच, थोडे वाकलेले. सगळे त्यांना तात्या म्हणत. पोरीचे वाळलेले दंड बघून ते ओसरीवर बसले ते पाणीही न पिता. नेवाशाच्या बाजूचं एक स्थळ त्यांच्याकडे चालून आलं होतं. बिजवर होता, पण जमिनीला पाटाचं पाणी होतं. आमच्यात पाट लागतो, म्हणजे बाईचं दुसरं लग्न होतं. आधी काडीमोड व्हावी लागते. पंचांपुढे नवराबायको गवताची काडी धरतात आणि मोडतात. नवरा नसेल तर त्याच्या घरचं माणूस एक टोक धरतं. काकू रात्रंदिवस रडल्या आणि मग त्यांनीच सांगितलं, "पोर माझ्या डोळ्यादेखत सुकून चाललीया. मी धरती टोक." वहिनी फक्त दिवस ढकलत होती. आज शेळी आजारी आहे, उद्या अमावस्या आहे.

त्याच आठवड्यात मला मुंबईहून मुलाखतीचं बोलावणं आलं. सांताक्रूझच्या विमानतळावर सामानाच्या खात्यात कारकुनाची जागा. दादांनी मला कोट शिवून दिला. मुंबईत मला आठवतो तो एका लांबलचक खोलीतला रबराचा वास आणि भिंतीला लावलेला तक्ता. त्यावर नुसती तीन तीन अक्षरं, जगातली सगळी गावं कापून, सोलून ठेवल्यासारखी. एल-एच-आर, सी-ए-आय, एन-बी-ओ. मधेच मला बी-ई-वाय दिसलं. समोर बैरुत. मी हसलो. मुलाखत घेणारे पारशी गृहस्थ म्हणाले, "का हसला?"

मी ऐटीत सांगितलं की ही अक्षरं मला ठाऊक आहेत, आमच्या गावात बैरुतहून एक बॅग आली होती.

"पट्टीवर कुठे होतं? खाली की वर?"

"वर. बारीक."

"मग बैरुतहून नाही आली ती," ते सहज म्हणाले. "बैरुतमार्गे आली. तिथे विमान बदललं फक्त. बेंगाझी, त्रिपोली, कुवेत, कुठूनही आली असेल. त्या बाजूचं अर्धं सामान तिथूनच वळतं." आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या प्रश्नाचं उत्तर मी बरोबर दिलं असावं, कारण नोकरी मला मिळाली.

परतीची एस. टी. मला एका जागी थांबलेली आठवते. खिडकीची काच हलत होती, बाहेरचा माळ तसाच होता, आणि मी खिशातली नेमणुकीची चिठ्ठी पुन्हा पुन्हा चाचपत होतो. त्रिपोली, बेंगाझी, कुवेत. तीन पत्रं. टपालाला फार तर दोन महिने. घरी पोचलो की आधी काकूंच्या ओसरीवर जायचं आणि सांगायचं, थांबा, माझं चुकलं. मी ते वाक्य नगरच्या स्टँडवर पाठ केलं, पाथर्डीच्या स्टँडवर पाठ केलं.

गावात शिरलो तर नोकरीची तार माझ्या आधी पोचली होती आणि दादांनी पेढे वाटलेले होते. वेशीपासून लोक भेटत होते. "सायब झाला म्हना की." ते वाक्य त्या संध्याकाळी राहिलं. दुसऱ्या दिवशी राहिलं. दादा मला कोटासकट मारुतीला घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी त्याच देवळापुढे पंच बसले.

वैशाखाचं ऊन होतं. सावलीला कडुलिंबाचा वास होता, मोहर झडून गेल्यावर राहतो तो कडवट. पंच, तात्या, काकू, आणि डोक्यावरून पदर घेतलेली वहिनी. तिने ती नायलॉनची साडी नेसली नव्हती. साधं लुगडं होतं, खडीच्या धुळीने रंग गेलेलं. तात्यांनी मला बघितलं आणि हात जोडले. वयाने ते माझ्या बापापेक्षा मोठे. म्हणाले, "या पोरानं पार इलायतेपर्यंत शोध घेतला. आमच्या पोरीसाठी सख्ख्या भावानं केलं नसतं. आता मनाला रुखरुख न्हाई." पंचांनी माना हलवल्या.

काडी आणली गेली. काकूंनी एक टोक धरलं. दुसरं टोक धरायच्या आधी वहिनीने पदर जरा मागे सारला आणि माझ्याकडे बघितलं. बायकांनी पंचांपुढे बोलायचं नसतं. ती बोलली.

"भावजी, आजून येक पत्र टाकून बघावं का? तुमी म्हनाल तर मी थांबती."

सगळे माझ्याकडे वळले. तात्यांचे हात अजून जोडलेलेच होते. दादा मागे उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, पण ते आहेत हे मला पाठीला कळत होतं. चुकलं, एवढा शब्द बोलायचा होता. मग लोक म्हणाले असते, बीए झाला आणि पुठ्ठा वाचता आला नाही. यापेक्षा जास्त काही झालं नसतं. मी ते तेव्हाही तोललं होतं. तोलून मी म्हणालो:

"उपयोग नाही, वहिनी."

तिने टोक धरलं. काडी वाळलेली होती, मोडल्याचा आवाजही झाला नाही.

त्यानंतरच्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. मी मुंबईला रुजू झालो. ज्येष्ठात पाट लागल्याचं कळलं. त्या वर्षी पाऊस झाला, माळ हिरवा झाला, पत्रांतून दादा कळवत राहिले की आडाला पाणी आलं, बाजरी कंबरेला लागली. दिवाळीला घरी गेलो तर काकूंच्या ओसरीवर किसन बसलेला. काळा पडला होता, केस मागे गेले होते, पण तोच. समोर ट्रान्झिस्टर उघडून ठेवला होता आणि त्यात तो बोटं घालून बसला होता.

मला बघून उठला. माझे दोन्ही हात धरले. "आईनं सांगितलं समदं. तू लई पत्रं लिवलीस म्हने माझ्यापायी."

मी हात सोडवून खाली बसलो.

"कुठं धाडत हुतास रं?"

"बैरुतला."

तो हसला. कडू हसला नाही, साधाच. "बयरूत? आरं, तिथं मी येक रात बाकड्यावर बसून काढली फकस्त. इमान बदलायला. मी बेंगाझीच्या फुडं वाळूत हुतो, ठेकेदाराच्या तंबूत. कागदपत्र समदी त्याच्या पेटीत. दोनदा चिठ्ठी दिली एकाकडं, टाक म्हनलं. टाकली का खाल्ली, देव जाणं."

"बॅगेवर तसं होतं," मी म्हणालो.

"व्हय की. तुला तरी काय ठाव असनार." त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. "तू तुझ्यापरीनं केलं. लोक तेवढंबी करत न्हाईत."

ते थोपटणं मी घेतलं. तिथेही एक वाक्य बोलायची जागा होती. येसूकाकू चुलीपाशी होत्या, पाठमोऱ्या. भाकरी थापण्याचा आवाज थांबला नव्हता. मी म्हणालो, "ट्रान्झिस्टरला काय झालंय?" आणि आम्ही ट्रान्झिस्टरबद्दल बोललो.

तेहतीस वर्षं मी नोकरी केली. चांगली केली, हेही सांगतो. कारकून म्हणून लागलो आणि सामानाच्या खात्याचा मुख्य होऊन निवृत्त झालो. जगातल्या कुठल्याही विमानतळाची तीन अक्षरं मला झोपेत विचारा. काही सरळ असतात. काही मुळीच जुळत नाहीत. टोरांटोची वाय-वाय-झेड, शिकागोची ओ-आर-डी. नवीन पोरांना मी शिकवायचो. पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच गोष्ट बजावायचो, वरची बारीक अक्षरं म्हणजे घर समजू नका. पोरं म्हणायची, साहेब फार तळमळीनं शिकवतात. एखाद्या बॅगेवर बी-ई-वाय आलं की मी ती स्वतः उचलून पट्ट्यावर ठेवायचो. त्याने काय होणार होतं? काही नाही.

किसनने पुढे दुसरं लग्न केलं, पाथर्डीला गॅरेज टाकलं. दहा वर्षांपूर्वी तो गेला. शेवटपर्यंत गावात कुणी माझं शिक्षण काढलं की तो म्हणायचा, आमच्या बीएनं पार वकिलातीला पत्रं लिवली हुती. मी समोर असलो तरी म्हणायचा.

नात आली त्या दिवसानंतर मला झोप लागेना. आठवड्याने मी एकटाच नेवाशाच्या गाडीत बसलो. तिथून पुढे प्रवरेच्या काठाने टमटम. गाव मला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत मी त्या रस्त्याला कधी गेलो नव्हतो, म्हणूनच ठाऊक होतं.

अंगणात ती तूर निवडत बसली होती. केस पांढरे, मनगटं मोकळी. सुपातून मान वर केली आणि डोळे बारीक केले.

"बीएभावजी?"

मी समोरच्या बाजेवर बसलो. घरात कुणी नव्हतं, सुना रानात गेल्या होत्या. तिने पाणी दिलं. मी पाणी तसंच ठेवून सगळं सांगितलं. पारशी साहेब, वरची अक्षरं, तीन दिवस. सांगताना मी तिच्या हातांकडे बघत होतो. खडे बाजूला पडत होते, तूर पुढे सरकत होती. मग हात थांबले.

"मी इचारलं, तवा तुमाला ठाव हुतं?"

"हो."

"पंचांम्होरं इचारलं, तवा?"

"हो, वहिनी."

पाटाला पाणी सुटलं होतं, त्याचा आवाज येत होता.

"ते आल्याचं कळलं हुतं मला," ती म्हणाली. "बाजारात कुनी सांगितलं. पोटात तीन म्हैन्याचं हुतं माझ्या. तशीच पिशवी घिऊन घरी आले. भाजी निवडली. कुनाला काय बोलनार?" तिने सूप खाली ठेवलं. "नशीब म्हनलं. पन्नास वर्सं नशीब म्हनत आले. नशिबावर रागावता येत न्हाई, बरं असतं ते. आज तुमी सांगायला आला की ते नशीब न्हवतं, तुमी हुता."

"मला सांगायचं होतं."

"व्हय. तुमाला सांगायचं हुतं." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "हितं माझ्या पयल्या घराचं कुनाला ठाव न्हाई, भावजी. पोरांना न्हाई, सुनांना न्हाई. त्यांच्या बापानं मरस्तवर कधी काढलं न्हाई. तुमी तुमचं वझं माझ्या दारात उतरवलं. तुमी मोकळं झाला. मी आता कुठं ठिवू ते?"

मी हात जोडले. ती म्हणाली, "हात नगा जोडू." त्यात राग नव्हता. मोठ्यांनी लहानाला सांगावं तसं म्हणाली.

बाहेर मोटरसायकल थांबली. तिचा मोठा मुलगा आत आला. पन्नाशीला टेकलेला, अंगापिंडाने भरलेला, पायाला चिखल. परक्या माणसाला बघून दारातच थबकला.

"कोन पावनं, आई?"

तिने पदर नीट केला, सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"माझ्या माह्यारकडचे," ती म्हणाली. "मुंबईला इमानतळावर मोठे सायब हुते. लई शिकलेले. त्या अंगाला पयले बीए. पाया पड त्यांच्या."

तो जवळ आला आणि वाकला. मला पाय मागे घ्यायचे होते. घेतले असते तर कारण सांगावं लागलं असतं.